कोनन : एका पुनर्निर्मितीची पारख

खड्ग आणि कृष्णमाया यांच्यावर उभ्या असलेल्या अद्भुतकथेला अमेरिकी लेखक फ्रिट्झ लायबर यांनी १९६१ मध्ये ‘सोर्ड अँड सॉर्सरी’ हे नाव सुचवले. मराठीत आपण तिला ‘खड्गमायाकथा’ म्हणू. जगाच्या उद्धारासाठी निघालेला राजपुत्र या कथेत नसतो. तिचा नायक बहुधा भाडोत्री लढवय्या किंवा चोर असतो आणि तो जिवासाठी, लुटीसाठी नाहीतर सूडासाठी लढतो. जादूकडे तो संशयाने पाहतो. हिंसा हे या प्रकाराचे अंगच असल्यामुळे अशा चित्रपटाची पारख करताना रक्त किती सांडले हे मोजून फारसे काही हाती लागत नाही. सांडलेल्या रक्ताचा भार प्रेक्षकाच्या मनावर पडतो की नाही, हे पाहावे लागते.

या प्रकाराचा सर्वांत गाजलेला नायक कोनन. टेक्ससमधील क्रॉस प्लेन्स या लहान गावात राहणाऱ्या रॉबर्ट ई. हॉवर्ड यांची पहिली कोननकथा ‘विअर्ड टेल्स’ मासिकाच्या डिसेंबर १९३२ च्या अंकात आली. १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, हॉवर्ड यांनी आयुष्य संपवले. पुढे फ्रँक फ्रॅझेटा यांच्या मुखपृष्ठचित्रांनी आणि १९७० पासून मार्व्हलच्या चित्रकथांनी कोननला घराघरांत नेले.

कोननवर निघालेल्या चित्रपटांपैकी दोन इथे तुलनेला घेऊ. जॉन मिलियस यांचा, आर्नल्ड श्वार्झनेगर यांच्या भूमिकेचा, १९८२ चा; आणि मार्कस निस्पेल यांचा, जेसन मोमोआ यांच्या भूमिकेचा, २०११ चा. पहिल्याचे चित्रीकरण स्पेनमध्ये झाले, दुसऱ्याचे बल्गेरियात. नवा चित्रपट जुन्याशी प्रामाणिक नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो मला मान्य नाही, कारण जुना चित्रपट तरी मूळ कथांशी कुठे प्रामाणिक होता? हॉवर्ड यांच्या कोननचे बालपण गुलामगिरीत गेलेले नाही. थुल्सा डूम हा जुन्या चित्रपटातला खलनायकही मुळात कोननचा नव्हे, तर हॉवर्ड यांच्याच कल या दुसऱ्या नायकाचा वैरी. कोननचा रणभूमीवरचा जन्म मात्र हॉवर्ड यांच्याच कल्पनेतला आहे आणि २०११ चा चित्रपट त्यानेच सुरू होतो. मोमोआ यांची बिबट्यासारखी चपळाईही हॉवर्ड यांच्या वर्णनाला अधिक जवळची आहे. तपशिलाच्या निष्ठेत नव्या चित्रपटाचे पारडे काही ठिकाणी जड भरते, हे न्यायाने मान्य केले पाहिजे.

तरीही तो उणा पडतो, आणि तेही नेमके हिंसेच्या हाताळणीत. मिलियस यांच्या चित्रपटात कोननच्या गावावरील हल्ल्याच्या अखेरीस डूम कोननच्या आईसमोर येऊन उभा राहतो. कोणी बोलत नाही. ऐकू येते ते बॅझिल पोलेड्युरिस यांचे संगीत. तो वळल्यासारखा दिसतो, तलवार फिरते, आणि आईचा हात मुलाच्या हातातून निसटतो. मूल आपल्या रिकाम्या हाताकडे पाहत राहते. वार जवळपास दिसतच नाही, पण पुढचा सगळा सूड या रिकाम्या हातातून उगवतो. त्यानंतर गुलाम म्हणून ‘दुःखचक्र’ नावाच्या अवजड चाकाला जुंपलेला मुलगा ते ओढता ओढता वाढतो आणि मान वर करतो तेव्हा तो पुरुष झालेला असतो. वर्षानुवर्षांचा जाच एका दृश्यमालिकेत मावला आहे.

नव्या चित्रपटात वडिलांचा मृत्यू वितळलेल्या धातूच्या कढईखाली होतो. मुलाला वाचवण्यासाठी वडील साखळी आपल्याकडे ओढून घेतात. वडिलांच्या भूमिकेतील रॉन पर्लमन यांनी हा प्रसंग जीव ओतून केला आहे. पण पुढे नाक कापलेल्या शत्रूच्या जखमेत कोनन बोट खुपसतो तेव्हा प्रेक्षक तोंड फिरवतो आणि लगेच विसरतो. एकामागून एक वैरी मरतात, मात्र कोणत्याही मरणाने पुढच्या मरणाचे वजन वाढत नाही. वाळूतून उठणारे योद्धे आणि पाण्यातला अनेक बाहूंचा राक्षस या कल्पना उत्तम आहेत, परंतु त्यांच्याकडे विस्मयाने पाहायला कॅमेरा थांबतच नाही. बीभत्स भरपूर आहे, अद्भुताला उसंत नाही.

जुन्या चित्रपटातही दोष आहेत. संवादफेक ओबडधोबड आहे आणि मधला भाग रेंगाळतो. पण शेवट पाहावा. वडिलांच्या मोडक्या तलवारीने डूमचे शिर उडवल्यावर कोनन विजयाची आरोळी ठोकत नाही. डूमचे अनुयायी एकेक करून हातातल्या ज्योती पाण्यात विझवून निघून जातात, आणि तो मंदिराच्या पायऱ्यांवर बराच वेळ एकटा बसून राहतो.