एक पाय, चार पत्ते!

रास्पबेरी पाय! नाव ऐकून डेझर्ट आठवलं असेल, तर थांबा. क्रेडिट कार्डाच्या आकाराचा हा कम्प्युटर २०१२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये लाँच झाला आणि बघता बघता जगभरातल्या टेक्नोवेड्यांच्या घरात त्याने पाय रोवले. माझ्याही घरात एक आहे. राऊटरशेजारी गुपचूप पडलेला असतो. पण आईबाबांच्या लग्नाच्या अल्बमपासून विम्याच्या पॉलिसीपर्यंत सगळं स्कॅन करून त्यातच ठेवलंय.

म्हणूनच परवा त्याला पत्ता विचारला आणि एकाऐवजी चार उत्तरं आली, तेव्हा पोटात गोळाच आला. पत्ता विचारायची कमांड सोपी: होस्टनेम, मग स्पेस, डॅश आणि कॅपिटल आय. अपेक्षा होती फक्त १९२.१६८.१.७ ची. सोबत आले १९२.१६८.१.२३, १७२.१७.०.१ आणि अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक शेपटी. ऑफिसातल्या मित्राचं निदान तयार होतं, 'हॅक झालंय बॉस, वायर काढ!'

पण वायर काढण्याआधी चौकशी केलेली बरी. त्यासाठी दुसरी कमांड: 'आयपी ए'. कुठला पत्ता कुठल्या दाराचा, हे ती सांगते. आणि तिथेच अर्धं टेन्शन खल्लास!

पहिला पत्ता केबलचा, दुसरा वाय-फायचा. दोन्ही चालू असले की राऊटर प्रत्येक दाराला वेगळा नंबर देतो. तिसरा डॉकर नावाच्या सॉफ्टवेअरचा. ते मशीनच्या पोटातच एक छोटं नेटवर्क थाटतं. १९२.१६८ ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेत. हा नियम १९९६ चा. इंटरनेटवरून कुणी थेट या पत्त्यांवर येऊ शकत नाही.

खरी गोम चौथ्यात होती. २ ने सुरू होणारी ती शेपटी म्हणजे आयपीव्ही६ चा सार्वजनिक पत्ता. तो असणं म्हणजे घुसखोरी नव्हे, पण राऊटरचा फायरवॉल बंद असेल तर जगाला दार उघडंच! माझा चालू होता. तरी पासवर्ड बदलून टाकला. तुमच्याकडे २०२२ च्या आधीची सिस्टीम असेल, तर हे आजच करा. एप्रिल २०२२ पर्यंत प्रत्येक पायचं युजरनेम 'पाय' आणि पासवर्ड 'रास्पबेरी' असंच येत असे. म्हणजे किल्ली पायपुसण्याखालीच की!

आणखी एक पाहुणा भेटू शकतो: १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. जुन्या सिस्टीमवर आणि विंडोज लॅपटॉपवर हमखास दिसतो. अर्थ एवढाच, की मशीनने राऊटरकडे नंबर मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून बिचाऱ्याने स्वतःच एक लावून घेतला. अशा वेळी केबल तपासा, राऊटर रीस्टार्ट करा.

पत्ता सारखा बदलतोय? राऊटर नंबर ठरावीक मुदतीसाठीच देतो. मुदत संपली की सोसायटीतल्या व्हिजिटर पार्किंगसारखी जागा दुसऱ्याला मिळू शकते. उपाय राऊटरच्या सेटिंगमध्ये आहे. 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा, पायचा मॅक ॲड्रेस टाका, झाली जागा पक्की. जुने जाणकार डीएचसीपीसीडीची फाइल बदलायला सांगतील, पण ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून हे काम नेटवर्क मॅनेजरकडे गेलंय. तिथे ती फाइल बदलून काहीच होत नाही.

थोडक्यात फंडा असा: अनोळखी पत्ता दिसला की घाबरू नका, आधी दार ओळखा. आणि घरातल्या महत्त्वाच्या फाइल्सची एक कॉपी दुसरीकडेही ठेवा. पाय चारही दिशांनी सुरक्षित असला, तरी मेमरी कार्ड कधी दगा देईल, याचा नेम नाही!