दुसऱ्याची सायकल

छत्रपती संभाजीनगर शहरातील एका वाचनालयाबाहेर सायकलींची रांग उभी आहे, अशी कल्पना करा. शाळेतून परतणाऱ्या दोन मुलांच्या दृष्टीस त्यांतील एक सायकल पडते. तिचे डावे पायडल सैल होऊन लटकत आहे. मालक जवळपास दिसत नाही. एका मुलाच्या दप्तरात योगायोगाने पाना आहे. मालक येण्यापूर्वी पायडल घट्ट करून निघून जावे, म्हणजे त्यास मोठा आनंद होईल, असे त्याच्या मनात येते. या विचारात स्वार्थाचा लवलेशही नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणजे कृतीही चांगली होते काय?

सायकलीची रचना पाहिली, तर या प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे जाते. सामान्यतः कोणताही स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट होतो. सायकलीच्या उजव्या पायडलालाही हाच नियम लागू पडतो. डाव्या पायडलाचे आटे मात्र उलटे असतात. ते घट्ट करावयाचे, तर डावीकडे फिरवावे लागते. ही योजना मुद्दाम केलेली आहे. तेथे नेहमीचे आटे ठेवले असते, तर सायकल चालवता चालवताच डावे पायडल हळूहळू सैल होत गेले असते. ज्यास हे ठाऊक नाही, तो मुलगा पाना उजवीकडे फिरवील आणि घट्ट करावयाचे पायडल अधिकच सैल करील. ‘करायला गेले एक आणि झाले भलतेच’, असा प्रकार होईल.

याहूनही एक गंभीर गोष्ट आहे. आपल्या सायकलीतील दोष बहुधा मालकास ठाऊक असतो. म्हणून तो सायकल जपून चालवतो, उतारावर खाली उतरतो, किंवा ती हातात धरून दुकानापर्यंत नेतो. ब्रेक ढिला दिसतो, कारण चाकाची कड वाकलेली असते व ब्रेक आवळला तर चाक अडकते. टायरमध्ये हवा कमी दिसते, कारण जुनी ट्यूब अधिक हवा सहन करीत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास दोष दिसतो. त्यामागील कारण दिसत नाही. त्याने गुपचूप केलेली दुरुस्ती मालकास कळलीच नाही, तर मालकाची सावधगिरी निरुपयोगी ठरते. मग भर रस्त्यात पायडल निखळले किंवा चाक अडकले, तर इजा कोणास होईल? दुरुस्ती करणारा तर केव्हाच घरी पोहोचलेला असतो.

चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती केवढी दूरवर परिणाम करते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण याच जिल्ह्यात आहे. शहरापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, वाघूर नदीच्या खोऱ्यात अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील भिंतींवरील प्राचीन चित्रे जगभर नावाजलेली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. काळाच्या ओघात चित्रांखालचा गिलावा भिंतीपासून सुटू लागला होता व रंगाचे पापुद्रे गळत होते. ती वाचवण्यासाठी संस्थानाने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी व ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी तेथे परिश्रमपूर्वक काम केले. सुटलेला गिलावा त्यांनी भिंतीस पुन्हा पक्का बसवला. त्यामुळे चित्रांचे अनेक भाग बचावले. परंतु रंग टिकावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेच्या रोगणाचा लेपही दिला. प्रारंभी चित्रे उजळ दिसली. वर्षे लोटली, तसा तो लेप पिवळा व काळपट पडत गेला आणि मूळचे रंग त्याखाली झाकले गेले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांना तो लेप काढण्याचे अत्यंत नाजूक काम अनेक वर्षे करावे लागले.

या तज्ज्ञांजवळ अनुमती होती, कौशल्य होते आणि सद्‌हेतूही होता. तरीही त्यांच्या उपायाचा एक भाग अपायकारक ठरला. म्हणूनच जुन्या वस्तूंचे जतन करणारे आज एक नियम कटाक्षाने पाळतात: आवश्यक असेल तेवढाच हात लावावा, आणि केलेली गोष्ट पुढे कोणास काढून टाकता येईल, अशाच रीतीने करावी. ज्यांच्याजवळ अनुमतीही नाही आणि पुरेसे ज्ञानही नाही, त्यांनी तर किती जपून वागावयास हवे!

मग दुसऱ्याच्या वस्तूस कधीच हात लावू नये काय? तसे नाही. वाऱ्याने आडवी पडलेली सायकल उचलून उभी करावी. त्यात कोणतीही हानी नाही, आणि मालकास नको असेल तर ती पुन्हा हलवता येते. त्याचप्रमाणे मनुष्याच्या प्राणांवर बेतले असेल, तर अनुमतीची वाट पाहत बसणे योग्य नव्हे. कायद्यानेही हा भेद मानला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३० व्या कलमात एक उदाहरण दिले आहे. घरास आग लागली आहे. वर अडकलेल्या मुलास, खाली लोकांनी ताणून धरलेल्या घोंगडीत कोणी तरी टाकतो. त्याचा हेतू मुलाचे प्राण वाचवण्याचा आहे. अशा वेळी मुलास इजा झाली, तरी तो गुन्हा ठरत नाही. मात्र निव्वळ पैशाचा लाभ हे या कलमाच्या अर्थाने ‘हित’ नव्हे, असेही कायदा स्पष्ट सांगतो. दुरुस्तीचे चार पैसे वाचवणे आणि प्राण वाचवणे यांत मोठे अंतर आहे.

वाचनालयाबाहेरच्या त्या मुलांपुढे असा कोणताही आणीबाणीचा प्रसंग नाही. मालक येईल, तोवर थांबता येते. थांबण्यास सवड नसेल, तर वहीचा कागद फाडून त्यावर ‘आपल्या सायकलीचे डावे पायडल सैल आहे, जपून जावे’ एवढे लिहून तो सायकलीस अडकवता येतो. या एका ओळीने वस्तूस धक्का लागत नाही, आणि मालकाची सावधगिरी कमी न होता वाढते.

समजा, मुले थांबली आणि मालक आला. पाना पाहून तो हसला व म्हणाला, “बाळांनो, याचे आटेच झिजले आहेत. कितीही आवळले तरी ते निसटणारच. मी ही दुकानात न्यावयास निघालो आहे.” मग पाना दप्तरातच राहिला. एका मुलाने मालकाच्या हातातील पुस्तके घेतली, दुसऱ्याने मागून सायकलीस हात दिला, आणि तिघे मिळून दुकानाकडे चालू लागले. मालकास जी मदत खरोखर हवी होती, ती विचारल्यामुळेच मुलांना कळली.