हळदीचे पेटंट आणि आपल्या बियाण्याची नोंद



उसाची नोंद वेळेवर दिली नाही की तोडीसाठी किती चकरा माराव्या लागतात, हे आपल्याला सांगायला नको. बियाण्याच्या हक्काचेही तसेच आहे.

१९९५ साली अमेरिकेत, हळदीने जखम भरते या 'शोधा'ला पेटंट, म्हणजे मक्तेदारीचा हक्क, मिळाला. आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की आजी आधी हळदीचा डबा शोधते, मग यात शोध तो कसला! पण तिकडच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातली तोंडी वहिवाट पुरावा म्हणून चालत नसे, लेखी पुरावा लागे. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ, १९५३ सालच्या वैद्यकीय मासिकातला लेख असे कागद पुढे ठेवले, तेव्हा कुठे १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कागद नसते तर आजीला कोण विचारतो?

उसाचेच पाहा. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड उसाचा कांस या रानगवताशी संकर करून को. २०५ ही जात काढली. ती १९१८ साली लागवडीस आली. ज्या कांसाला आपण वैतागून उपटून टाकतो, त्याचाच काटकपणा पुढच्या अनेक 'को' जातींत उतरला. रानातल्या किंवा शेतकऱ्याने राखलेल्या वाणाचा मोबदला विचारायची तेव्हा रीतच नव्हती.

आता आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे मात्र ब्रँडचा छाप मारून विकता येत नाही. शेतकऱ्यांनी जपलेला वाण वापरून कोणी नवा वाण नोंदवला, तर लाभातला वाटा मागता येतो. आपला वाण नोंदवायला शेतकऱ्याला फी नाही. पण वाटा मागायचा तर वाण आपला हे दाखवावे लागते, आणि घोडे इथेच अडते.

यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. ती कपाटात पडून असेल, तर ग्रामसभेत मागा आणि सर्वांसमोर वाचून घ्या. जुनी जोंधळ्याची जात, परसातला वाल, बांधावरची औषधी वनस्पती, जे असेल ते त्यात घालायला सांगा. वाणाचे गावातले नाव, कोणाच्या रानात आहे, किती पिढ्यांपासून, पाण्याचा ताण सोसतो का, एवढे तरी हवेच. लिहिणाऱ्याला आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे न्या, विशेषतः बायकांकडे. बियाण्याची गाडगी त्यांच्याच ताब्यात असतात.