शहराचे सगळे पर्यावरण नियम एकाच संहितेत? सॅन फ्रान्सिस्कोने काय केलं, समजून घ्या

सोसायटीसमोरचं झाड कुणी परवानगीशिवाय तोडलं, तर तक्रार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे. रात्री १० नंतरही लाउडस्पीकर सुरू असेल, तर पोलिसांकडे. कारखान्याचा धूर घरात येत असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मोकळ्या जागेत कचरा जाळला जात असेल, तर पुन्हा महापालिका, पण विभाग वेगळा.

चारही प्रकार एकाच वॉर्डातले, तरी प्रत्येकाचा कायदा वेगळा आणि कार्यालयही वेगळं. मग प्रश्न पडतो, शहराचे पर्यावरणाचे सगळे नियम एकाच ठिकाणी का नसतात? अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने २००३ साली तसा प्रयत्न केला. त्यातून काय साधलं आणि काय राहून गेलं, ते पाहूया.

आधी एक गैरसमज दूर करू

‘ऑर्डिनन्स’ म्हटलं की आपल्याला अध्यादेश आठवतो. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू नसताना राज्यपालांनी काढलेला, ठरावीक मुदतीत मंजूर न झाल्यास संपणारा आदेश. अमेरिकन शहरांत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाने मंजूर केलेल्या स्थानिक कायद्याला ऑर्डिनन्स म्हणतात. तो कायमस्वरूपी असतो. असे अनेक ऑर्डिनन्स विषयवार एकत्र लावले की त्याची संहिता, म्हणजे ‘कोड’ होते.

सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि जिल्हाही. दोन्हींचा कारभार एकच. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ८ लाख ७४ हजार. सभागृहात ११ सदस्य आणि वर थेट निवडून आलेला महापौर.

२००३ मध्ये नेमकं काय झालं?

त्याआधी शहरात पर्यावरणाचे नियम नव्हते असं नाही. उदाहरणार्थ, शहराच्या मालकीच्या बागा आणि इमारतींमध्ये घातक कीटकनाशकांचा वापर कमी करण्याचा नियम १९९६ पासूनच होता. पण तो प्रशासकीय संहितेत, म्हणजे शहराच्या रोजच्या कारभाराच्या नियमांमध्ये होता. सामान्य माणसाला तो सापडणं अवघडच.

२००३ मध्ये शहराने स्वतंत्र ‘पर्यावरण संहिता’ तयार केली आणि असे नियम तिच्यात आणायला सुरुवात केली. कीटकनाशकांचा नियम आज या संहितेचं तिसरं प्रकरण आहे. शहराने वस्तू खरेदी करताना पर्यावरणाचा विचार कसा करावा, हे दुसऱ्या प्रकरणात आहे.

पहिलं प्रकरण मात्र वेगळं आहे. त्यात कुठल्याही एका गोष्टीवर बंदी नाही. त्यात एक तत्त्व आहे: सावधगिरीचं तत्त्व. एखाद्या गोष्टीमुळे आरोग्याला किंवा निसर्गाला गंभीर धोका दिसत असेल, तर शंभर टक्के वैज्ञानिक पुरावा मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, असा त्याचा अर्थ.

या तत्त्वाचे पाच भाग संहितेत दिले आहेत:

• नुकसान होण्याआधीच पावलं उचलणं
• धोक्याची माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क
• उपलब्ध पर्यायांची तपासणी करून कमी घातक पर्याय निवडणं
• आरोग्य आणि पर्यावरणावर पडणाऱ्या भारासकट पूर्ण खर्च मोजणं
• निर्णयात लोकांचा सहभाग

एकत्र आणल्याचा फायदा काय?

पहिला फायदा म्हणजे नियम सापडतो. दुकानदार, बिल्डर किंवा भाडेकरू, कुणालाही आपल्याला काय लागू आहे ते एका जागी पाहता येतं.

दुसरा फायदा नवीन नियम करताना होतो. त्याला जागा आधीच ठरलेली असते. २००७ मध्ये मोठी सुपरमार्केट आणि औषध दुकानांच्या साखळ्यांमध्ये पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. अशी बंदी घालणारं सॅन फ्रान्सिस्को हे अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर. तो नियम संहितेचं १७ वं प्रकरण झाला आणि पुढे २०१२ पासून त्याची व्याप्ती इतर दुकानांपर्यंत वाढली. २००९ मध्ये घर असो वा हॉटेल, सगळ्यांना कचरा वेगळा करणं सक्तीचं झालं: पुनर्वापराचा निळ्या डब्यात, ओला हिरव्या डब्यात, उरलेला काळ्या डब्यात. ते १९ वं प्रकरण.

तिसरा फायदा जबाबदारीचा. या संहितेतले बरेचसे नियम शहराच्या पर्यावरण विभागाकडे येतात. त्यामुळे ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणायला वाव कमी राहतो.

मग सगळे प्रश्न सुटले का?

नाही. तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

एक, नाव पर्यावरण संहिता असलं तरी सगळं तिच्यात आलेलं नाही. रस्त्यावरच्या झाडांचे नियम तिथे सार्वजनिक बांधकामाच्या संहितेत आहेत. आवाजाचे नियम पोलीस संहितेत आहेत. कारण झाडांकडे बांधकाम विभाग पाहतो आणि आवाजाची तक्रार आली की पोलिसांनाही जावं लागतं. नियम कुठल्या पुस्तकात असावा आणि तो अमलात कोण आणणार, या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात.

दोन, संहितेत आला म्हणून नियम कोर्टात टिकेलच असं नाही. मोबाइल फोनमधून होणाऱ्या किरणोत्सर्गाची माहिती ग्राहकाला द्यावी, असा नियम शहराने २०१० मध्ये केला. मोबाइल उद्योगाच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं. अखेर २०१३ मध्ये शहराने माघार घेतली.

तीन, चांगला नियम म्हणजे गाठलेलं उद्दिष्ट नव्हे. २०२० पर्यंत कचरा डेपोत काहीच पाठवायचं नाही, असं शहराचं ध्येय होतं. ते पूर्ण झालं नाही. २०१८ मध्ये शहराने नवं ध्येय ठेवलं: २०३० पर्यंत एकूण कचरा १५ टक्क्यांनी आणि डेपोत किंवा भट्टीत जाणारा कचरा निम्म्याने कमी करणं.

महाराष्ट्रातल्या शहराला हे जमेल का?

थोडंफार. इथली अडचण वेगळी आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक नियम शहराने केलेलेच नाहीत. शहरी भागातल्या झाडांचं संरक्षण राज्याच्या १९७५ च्या कायद्याने होतं. आवाजाचे नियम केंद्राचे, २००० सालचे. त्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. प्लास्टिक आणि थर्माकोलवरची २०१८ ची बंदी राज्य सरकारची. हवेच्या प्रदूषणाचा कायदा संसदेचा, १९८१ चा.

यातलं काहीही महापालिका रद्द करू शकत नाही किंवा बदलू शकत नाही. तिच्या हातात असतात ते उपविधी, म्हणजे बायलॉज. मुंबई महापालिकेचे स्वच्छतेचे उपविधी २००६ चे आहेत. अशा उपविधींनाही राज्य सरकारची मंजुरी लागते.

म्हणजे शहर आपल्या हातातले उपविधी एकत्र करू शकतं. बाकीच्या कायद्यांसाठी कुठला नियम, कुणाची जबाबदारी आणि तक्रार कुठे, हे एका जागी सोप्या मराठीत मांडू शकतं. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही.

‘सगळे नियम एकत्र करतोय’ असं ऐकलं, तर काय तपासायचं?

नियम एकत्र करणं म्हणजे फक्त कागद नीट लावणं असेलच असं नाही. जुने नियम नव्याने लिहिताना एखादी व्याख्या बदलते, एखादा दंड कमी होतो, एखादं कलम गळून पडतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मसुदा हरकती आणि सूचनांसाठी खुला झाला की तीन गोष्टी पाहाव्यात.

१. शेवटी असणारं ‘निरसन व व्यावृत्ती’ हे कलम. जुने कुठले नियम रद्द होतात आणि जुन्या नियमांखाली सुरू असलेल्या केसेस व दंड चालू राहतात का, हे तिथे कळतं.

२. जुने आणि नवे आकडे. दंड, अंतर, मुदत, झाडाच्या बदल्यात किती झाडं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावं.

३. अंमलबजावणी कोण करणार. ‘सक्षम प्राधिकारी’ एवढंच लिहून सोडलं असेल, तर हरकतीत थेट विचारावं: कोणता विभाग, कोणतं पद आणि तक्रार किती दिवसांत निकाली?

सोसायटीसमोर झाड तुटत असताना कायद्याची पुस्तकं किती आहेत याने फरक पडत नाही. फोन कुणाला करायचा आणि तो उचलून कुणी येतं का, याने पडतो.