काचेची भांडी आणि जयणा

काचेचे भांडे अनेकदा तापमानातील आकस्मिक फरकाने फुटते. एक भाग तापून प्रसरण पावतो, दुसरा थंड राहतो आणि त्या ताणाने तडा जातो. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते. म्हणून ती अधिक टिकते. मर्यादा मात्र तिलाही आहेत. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याच्या घाईत फ्रिजमधील भांडे थेट ओव्हनमध्ये जाते किंवा तापलेले भांडे ओल्या ओट्यावर ठेवले जाते. अशा वेळी खाली लाकडी पाट अथवा कोरडे फडके असावे. मायक्रोवेव्हसाठी योग्य असलेले भांडे गॅसच्या ज्योतीवर चालेलच असे नाही.

चिनी मातीच्या भांड्यांत झिलई महत्त्वाची. हलक्या प्रतीच्या झिलईत शिसे असू शकते आणि चिंच, लिंबू, ताक यांच्या आंबटपणाने ते अन्नात उतरते. म्हणून खात्री नसलेली रंगीत बरणी लोणच्यासाठी वापरू नये. तडा गेलेले, कड उडालेले भांडे काटकसर म्हणून राखणेही तोट्याचेच. ते फुटले की त्यातील सारे अन्न टाकावे लागते आणि बारीक कपची कोणाच्या पायात रुतेल, याचा नेम नसतो. पाणी गाळताना आपण जी जयणा पाळतो, तीच भांडे हाताळतानाही पाळावी.