स्टेरॉइडची गोळी : मनाने सुरू नको, एकदम बंदही नको

सांधे सुजले, दमा बळावला किंवा अंगावर चट्टे उठले की डॉक्टर कधी कधी प्रेडनिसोलोनची गोळी देतात. बहुतेकांना काही दिवसांतच आराम पडतो. मग कुणी दुष्परिणामांच्या भीतीने गोळी बंद करतो, तर कुणी जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने घेत राहतो. दोन्ही धोक्याचे आहे.

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल हे संप्रेरक तयार करतात. ही गोळी त्याचेच काम करते. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ ती घेतली, की ग्रंथी सुस्तावतात. अशा वेळी गोळी अचानक थांबली, तर प्रचंड थकवा येतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. पाच-सात दिवसांचा कोर्स मात्र बहुधा थेट थांबवता येतो.

गोळी शक्यतो सकाळी, नाश्त्यानंतर घ्यावी. रात्री घेतल्यास झोप उडू शकते. सोबत वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. साखर आणि रक्तदाब तपासत राहावे. उपचार लांबले, तर हाडे ठिसूळ होऊ शकतात, मोतीबिंदू होऊ शकतो. पूर्वी क्षयरोग झाला असल्यास आधीच सांगावे. तो पुन्हा उफाळू शकतो.

तीव्र ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर या गोळीची माहिती डॉक्टरांना द्यावी. अशा वेळी डोस वाढवावा लागू शकतो.