पन्नाशीनंतरचा कॅमेरा

गायकाचा आवाज तबकडीवर राहतो. सूर कुठे चढला, ताल कुठे घसरला, हे पन्नास वर्षांनीही कान देऊन ऐकता येते. पण तो गाताना दिसत होता कसा, हे सांगणार कोण? ते काम छायाचित्रकाराचे. रॉक संगीताच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा, कारण हे संगीत नुसते कानांसाठी नाहीच. विजेवर वाजणारी गिटार आणि ड्रमचा दणदणाट यांच्या जोडीला अंगावरचे चमचमते कपडे, चेहऱ्यावरचे रंग, उड्या आणि आरोळ्या, असे सगळे मिळून ते संगीत होते. वाचकहो, हे सारे तरुणपणी टिपणाऱ्या, पुढे मागे पडलेल्या, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मरणाच्या दारातून परत येऊन पुन्हा त्याच कामाला लागलेल्या एका छायाचित्रकाराची ओळख मी तुम्हाला करून देणार आहे.

मिक रॉक या नावाने जग त्याला ओळखते. जन्म १९४८ सालचा, लंडनचा. केंब्रिज विद्यापीठात त्याने आधुनिक भाषांचा अभ्यास केला. म्हणजे माणूस मूळचा वाङ्मयाचा.  केंब्रिजमध्येच ‘पिंक फ्लॉइड’ या वाद्यवृंदाच्या सिड बॅरेटशी त्याची मैत्री जमली आणि १९६९ साली त्याने त्याची छायाचित्रे काढली. मग १९७२ मध्ये डेव्हिड बोवी हा गायक त्याला भेटला. बोवी त्या वेळी ‘झिगी स्टारडस्ट’ नावाच्या काल्पनिक पात्राच्या वेषात रंगमंचावर येत असे. त्याच्याबरोबर मिक रॉक गावोगाव फिरला. रंगमंचावर, रंगपटात, आगगाडीच्या डब्यात, जेवताना, सगळीकडे तो हजर. बोवीच्या काही गाण्यांचे चित्रपटही त्यानेच दिग्दर्शित केले.

आता हे काम किती अवघड होते ते थोडे समजून घेऊ. रंगमंचावरचा प्रकाश अपुरा, तोही लाल-निळा आणि क्षणोक्षणी बदलणारा. समोरचा माणूस एका जागी उभा राहील तर शपथ! फिल्मला उजेड कमी पडला तर चित्र काळे येते, आणि शटर जास्त वेळ उघडे ठेवले तर हलत्या माणसाची आकृती फिसकटते. यावर छायाचित्रकार एक तोड काढीत. फिल्म आहे त्यापेक्षा अधिक संवेदनक्षम आहे असे धरून चित्र घ्यायचे आणि अंधारखोलीत ती रसायनात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवायची. चित्र मिळते, पण त्यावर दाणे उठतात, काळे-पांढरे भडक होते. रॉक संगीताला हा खरखरीतपणा शोभून दिसला, ही गोष्ट वेगळी.

१९७२ च्या जुलै महिन्यात लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातील एका चित्रपटगृहात एका रात्री लू रीड गायला आणि दुसऱ्या रात्री इगी पॉप. या दोन रात्रींत मिक रॉकने घेतलेली चित्रे पुढे ‘ट्रान्सफॉर्मर’ आणि ‘रॉ पॉवर’ या दोन ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर झळकली. यांतल्या लू रीडच्या चित्राची गंमत अशी, की अंधारखोलीत प्रत काढताना ते चुकून धूसर झाले. रीडला नेमकी तीच धूसर प्रत पसंत पडली.

१९७४ सालच्या ‘क्वीन २’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाकडे आपण मराठी वाचकांनी थोडे अधिक आपुलकीने पाहायला हरकत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर वरून प्रकाश पडलेले चार चेहरे, आणि मध्ये छातीवर हात दुमडलेला फ्रेडी मर्क्युरी. हा मूळचा फारूख बलसारा, झांजीबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि तिथेच तो मित्रांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवू लागला. या चित्राची कल्पना मिक रॉकला मार्लिन डीट्रिख या नटीच्या १९३२ सालच्या एका छायाचित्रावरून सुचली. पुढे १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याच्या चित्रफितीत तेच चार चेहरे त्याच ठेवणीत पुन्हा दिसले. पाहा, एक चित्र तीन पिढ्यांतून कसे फिरते!

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मिक रॉक न्यूयॉर्कला गेला. काम चालू होते, पण त्याबरोबर कोकेनचे व्यसनही. त्याचा हिशेब १९९६ साली चुकता करावा लागला. हृदयविकाराचा झटका आला, शस्त्रक्रिया झाली. वय अवघे अठ्ठेचाळीस. व्यसन सुटले, योगासनांचा त्याला आधीपासूनच नाद होता, तो मात्र टिकला.

बरा झाल्यावर त्याने पहिले काम हाती घेतले ते जुन्या पेट्या उघडण्याचे. निगेटिव्ह त्याने जपून ठेवल्या होत्या. छायाचित्रकाराची खरी इस्टेट हीच. छापलेले मासिक रद्दीत जाते. निगेटिव्ह हाताशी असेल तर तीस वर्षांनीही नवी प्रत निघते. त्यातून प्रदर्शने उभी राहिली, पुस्तके निघाली. २००२ सालच्या ‘मूनएज डेड्रीम’ या ग्रंथातील मजकूर खुद्द बोवीने लिहिला. पंचविशीतल्या आपल्या चेहऱ्याकडे पंचावन्न वर्षांचा माणूस पाहतो आणि त्याविषयी लिहितो, असा हा दुर्मिळ योग.

पण केवळ जुन्याची राखण करून तो थांबला नाही. ‘द किलर्स’, ‘या या याज’, लेडी गागा अशा नव्या पिढीतल्या कलावंतांसमोर त्याने कॅमेरा धरला. या मधल्या काळात दुनिया पार बदलली होती. १९७२ साली छायाचित्रकार म्हणजे बरोबर हिंडणारा दोस्त. आता बहुतेक मोठ्या मैफलींत छायाचित्रकारांना पहिल्या तीन गाण्यांपुरतेच रंगमंचासमोर उभे राहू देतात, मग बाहेर! पूर्वी फिल्मच्या एका गुंडाळीत छत्तीस चित्रे. आता यंत्रात हजारो. चित्रे वाढली, सहवास आटला.

तुम्ही विचाराल, मग हे नवे गायक म्हाताऱ्या मिक रॉककडे जात ते कशासाठी? बोवीला पाहिलेल्या डोळ्यांनी आपल्यालाही पाहावे, एवढ्या हौसेपोटीच ना? काही अंशी हे खरं आहे, आणि त्यात धोकाही आहे. छायाचित्रकाराची नुसती मोहोर होऊन बसते. समोर कोणीही येवो, चित्र जुनेच निघते. माझ्या मते पुनरागमनाची खरी कसोटी इथेच लागते. जुने यश पाठीशी असताना समोरचा नवा चेहरा नवा म्हणून पाहता आला पाहिजे. त्यासाठी हात आणि डोळ्यांइतकेच मनही ताजे लागते. शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्यांना हे लवकर पटेल. तेच पाठ्यपुस्तक विसाव्या वर्षी शिकवताना समोरचा वर्ग मात्र पहिल्याच दिवसाचा असतो.

मिक रॉक शेवटपर्यंत काम करीत राहिला. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या मायली सायरसच्या ‘प्लास्टिक हार्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेचे मुखचित्र त्याचेच. पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो वारला. ज्यांची चित्रे त्याने काढली त्यांपैकी फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये, लू रीड २०१३ मध्ये आणि बोवी २०१६ मध्ये निघून गेले होते. १९९६ नंतर त्याला जी पंचवीस वर्षे लाभली, ती त्याने गेलेल्यांचे चेहरे जपण्यात आणि येणाऱ्यांचे टिपण्यात घालवली. एखादी जुनी ध्वनिमुद्रिका पुढे कधी तुमच्या हाती आली, तर ती लावण्यापूर्वी वेष्टनाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले छायाचित्रकाराचे नावही एकदा वाचून पाहा.